घरगुती सांडपाण्याचा पुनर्वापर: बचतीइतकीच दक्षता आवश्यक

2024 च्या मार्च महिन्यात बंगळुरू शहरातील अनेक वसाहतींमध्ये नागरिकांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. त्याच महिन्यात बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने गाड्या धुणे, बागेला पाणी घालणे, बांधकाम करणे आणि कारंजी चालविणे यांसाठी पिण्यायोग्य पाणी वापरण्यास मनाई केली. आदेश मोडणाऱ्यास 5 हजार रुपये दंड आणि उल्लंघन चालूच राहिल्यास दररोज 500 रुपये जादा दंड ठरविण्यात आला. घराभोवतीची झाडे जगवायची तर पाणी कोठून आणायचे, असा प्रश्न त्यामुळे अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. त्याचे एक उत्तर त्यांच्याच घरातील न्हाणीघराच्या मोरीतून दररोज वाहून जात होते.

स्नानाचे आणि कपडे धुण्याचे पाणी पुन्हा वापरणे ही कल्पना नवी नाही. मोरीचे पाणी परसातील केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात सोडण्याची रीत महाराष्ट्रातील गावोगावच्या घरांना परिचित आहे. शहरातील घरात मात्र परस नाही, जमीन मोजकी आहे, साबणात रसायने अधिक आहेत आणि पिण्याच्या पाण्याची टाकी व नळ्या सांडपाण्याच्या नळ्यांपासून हाताच्या अंतरावर आहेत. म्हणूनच शहरी घरात ही यंत्रणा बसविण्यापेक्षा ती नीट सांभाळणे अधिक महत्त्वाचे ठरते. यंत्रणेकडे दुर्लक्ष झाले तर पाणी वाचविणारी हीच सोय दुर्गंधी, डास आणि आजार यांचे कारण होऊ शकते.

टंचाईची पार्श्वभूमी

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे 500 मीटर उंच चढवून शहरात आणावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा 1974 मध्ये सुरू झाला. शहर वाढत गेले तशी नवी उपनगरे विंधन विहिरींवर आणि टँकरवर अवलंबून राहू लागली.

2023 मध्ये पावसाने ओढ दिली आणि कर्नाटक शासनाने राज्यातील 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. मार्च 2024 मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी दिलेल्या माहितीनुसार शहराची दररोजची गरज सुमारे 2,600 दशलक्ष लिटर होती आणि त्यात सुमारे 500 दशलक्ष लिटरची तूट होती. शासनाच्या सुमारे 14 हजार विंधन विहिरींपैकी 6,900 कोरड्या पडल्या होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला आणि 775 दशलक्ष लिटर पाण्याची भर पडली. तथापि, इतक्या दुरून आणि इतक्या खर्चाने आणलेले पाणी एकदाच वापरून गटारात सोडावे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही.

किती पाणी वाचू शकते?

भारतीय मानकांनुसार शहरातील एका व्यक्तीस दररोज 135 लिटर पाणी लागते, असे गृहीत धरले जाते. त्याची प्रचलित विभागणी पाहिल्यास पिण्यासाठी 5 आणि स्वयंपाकासाठी 5 लिटर पाणी पुरते. स्नानासाठी 55 लिटर, कपडे धुण्यासाठी 20, शौचालयात सोडण्यासाठी 30, तर भांडी घासणे आणि घराची स्वच्छता यांसाठी प्रत्येकी 10 लिटर धरण्यात येतात.

म्हणजेच स्नान आणि कपडे मिळून माणशी 75 लिटर पाणी केवळ साबणमिश्रित होऊन बाहेर पडते. चार माणसांच्या घरात हे प्रमाण दिवसाला 300 लिटर होते. याच घरातील शौचालयासाठी 120 लिटर पाणी पुरेसे आहे. शौचालयाची पूर्ण गरज भागवूनही 180 लिटर पाणी झाडांसाठी शिल्लक राहू शकते. प्रत्यक्षात प्रत्येक घरातील आकडे कमीअधिक असतील. परंतु गरजेपेक्षा उपलब्धता अधिक आहे, ही गोष्ट बहुतेक घरांना लागू पडते. त्यामुळे प्रत्येक थेंब साठवून ठेवण्याची धडपड करण्याचे कारण नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बाब फार उपयोगी आहे, हे पुढे दिसून येईल.

कोणते पाणी घ्यावे, कोणते टाळावे?

घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दोन प्रकार मानले जातात. शौचालयातून येणारे ते मैलापाणी. स्नानगृह, हात धुण्याचे बेसिन आणि कपडे धुण्याचे यंत्र यांतून येणारे ते करडे पाणी, अर्थात ग्रे वॉटर. कन्नड भाषेतही त्यास राखेच्या रंगाचे पाणी अशाच अर्थाचा शब्द आहे. मैलापाण्यावर घरगुती पातळीवर प्रक्रिया करण्याचा प्रयत्न करू नये. त्याची वाट मलवाहिनीकडेच असावी.

स्वयंपाकघरातील पाणी या दोहोंच्या मधले आहे. त्यात तेल, तूप आणि अन्नाचे कण असतात. ते लवकर कुजते आणि त्याचा चिकट थर नळ्यांमध्ये व खडीच्या गाळणीत बसतो. तेल अडविणारी स्वतंत्र टाकी नसल्यास हे पाणी पुनर्वापरासाठी घेऊ नये.

करडे पाणी स्वच्छ दिसले तरी ते निर्जंतुक नसते. स्नानाच्या आणि अंतर्वस्त्रे धुतलेल्या पाण्यात आतड्यातील जंतू अल्प प्रमाणात असतातच. बाळाची दुपटी धुतलेले पाणी मैलापाणीच समजावे. घरात कोणास जुलाब, कावीळ किंवा विषमज्वर झाला असेल, तर रुग्ण बरा होईपर्यंत सर्व पाणी मलवाहिनीत सोडावे. केस रंगविल्यानंतरचे पाणी, रंगकामाचे कुंचले धुतलेले पाणी आणि फरशी जंतुनाशकाने पुसल्यानंतरचे पाणी यांनाही हाच नियम लागू आहे. यासाठी प्रत्येक यंत्रणेच्या सुरुवातीलाच तीन तोंडांची झडप बसविणे आवश्यक आहे. ती एका बाजूस फिरविली की पाणी बागेकडे आणि दुसऱ्या बाजूस फिरविली की मलवाहिनीकडे जावे. ही झडप घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस माहीत असावी आणि तिच्या दोन्ही दिशा स्पष्ट अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात.

बंगळुरूमध्ये आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असल्याने घरोघरी आणि गृहसंकुलांत पाणी मृदू करणारी यंत्रे बसविलेली आहेत. ही यंत्रे ठराविक काळाने मिठाच्या पाण्याने धुतली जातात. ते खारट पाणी झाडांकडे गेल्यास माती नापीक होते. म्हणून ते करड्या पाण्यात मिसळू देऊ नये.

साठवण एक दिवसाहून अधिक नको

पुनर्वापरातील सर्वांत मोठी चूक साठवणुकीत होते. वाचविलेले पाणी टाकीत भरून ठेवावे, असे टंचाईच्या काळात कोणासही वाटते. परंतु करड्या पाण्यात त्वचेचे कण, तेल आणि साबण हे जंतूंचे खाद्यच असते. साठलेल्या उबदार पाण्यात जंतूंची संख्या झपाट्याने वाढते. पाण्यातील प्राणवायू संपला की ते काळवंडते आणि त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. त्यामुळे प्रक्रिया न केलेले करडे पाणी 24 तासांहून अधिक काळ साठवू नये, असा दंडक सर्वत्र पाळला जातो.

टाकीचा आकारही यावरूनच ठरतो. चार माणसांच्या घरात एक हजार लिटरची टाकी बसविल्यास पाणी तीन दिवस पडून राहील. त्यापेक्षा 200 ते 300 लिटरची छोटी टाकी अधिक सुरक्षित ठरते. ती भरल्यावर जादा पाणी आपोआप मलवाहिनीत गेले पाहिजे. गावास जाताना झडप मलवाहिनीकडे फिरवून टाकी रिकामी करावी.

पहिला मार्ग: थेट झाडांच्या आळ्यात

घराभोवती थोडी जमीन असल्यास पाणी न साठविता थेट झाडांना देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळीस धागे अडविणारी जाळी लावून ते पाणी उताराने झाडांच्या आळ्यात न्यावे. आळ्यात पालापाचोळ्याचे किंवा नारळाच्या काथ्याचे जाड आच्छादन असावे आणि पाणी त्या आच्छादनाखाली पडावे. पाणी वर साचून राहणार नाही, मुलांचे हात वा पाळीव जनावरांची तोंडे त्यास लागणार नाहीत आणि मातीतील सूक्ष्म जीव त्यातील घाण संपवितील, असे तिहेरी काम हे आच्छादन करते.

हे पाणी तुषार पद्धतीने फवारू नये. हवेत उडालेल्या बारीक थेंबांबरोबर जंतू श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगत वाढणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. केळी, नारळ, आंबा, पपई आणि फुलझाडे यांना ते चालते, कारण फळ जमिनीपासून उंच असते आणि पाण्याचा त्यास स्पर्श होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांडपाण्याच्या सुरक्षित वापराविषयीच्या मार्गदर्शक सूत्रांचा चौथा खंड करड्या पाण्याचाही विचार करतो. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये एकामागून एक अनेक अडथळे असावेत, हे त्या सूत्रांचे मर्म आहे. एक अडथळा निकामी झाला तरी दुसरा उभा असतो.

पावसाळ्यात माती आधीच ओली असते. त्या दिवसांत करडे पाणी जमिनीत मुरत नाही आणि शेजाऱ्याच्या अंगणात किंवा रस्त्यावर वाहू लागते. अशा वेळी ते मलवाहिनीतच सोडावे. पावसाळ्यातील ही विश्रांती जमिनीलाही लाभदायक असते, कारण उन्हाळाभर साचलेले क्षार पावसाने धुऊन निघतात.

दुसरा मार्ग: वनस्पतींची गाळणी

शौचालयासाठी पाणी वापरायचे असल्यास त्यावर प्रक्रिया करणे इष्ट ठरते. त्यासाठी खडी, वाळू आणि पाणवनस्पती यांची गाळणी उपयोगी पडते. पाणी प्रथम एका छोट्या टाकीत येते. तेथे केस, धागे आणि जड कण खाली बसतात. तेथून ते सुमारे दोन फूट खोल खडीच्या वाफ्यात शिरते. या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस, वाळा किंवा अळू लावलेले असते. मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे सूक्ष्म जीव साबण व सेंद्रिय घाण खाऊन टाकतात आणि दुसऱ्या टोकास तुलनेने निर्मळ पाणी बाहेर पडते. साधारणपणे माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा लागतो.

जागा नसल्यास हीच रचना गच्चीवरील पिंपांमध्ये करता येते. बंगळुरूतील जलतज्ज्ञ एस. विश्वनाथ यांनी विद्यारण्यपुरा येथील आपल्या घराच्या गच्चीवर पाणवनस्पतींनी शुद्ध केलेल्या करड्या पाण्यावर भाताचे पीक घेऊन दाखविले. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेत काम केलेले ए. आर. शिवकुमार यांनी 1990 च्या दशकात विजयनगर भागात बांधलेले ‘सौरभ’ हे घर प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर चालते. कपडे धुण्याच्या यंत्रातील पाणी शौचालयासाठी वापरण्याची व्यवस्थाही तेथे करण्यात आली. गच्चीवर वाफा करताना मात्र ओल्या खडीचे वजन स्लॅब पेलू शकेल काय, याची स्थापत्य अभियंत्याकडून खात्री करून घ्यावी. एक घनमीटर ओली खडी सुमारे दोन टन भरते.

या वाफ्याचा एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली किमान दोन ते चार इंच असावी. पाणी वर दिसू लागले तर खडी तुंबली आहे, असे समजावे. उघड्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास अंडी घालतात, तर झाकण नसलेल्या तुलनेने स्वच्छ पाण्यात डेंगी पसरविणारे एडिस डास वाढतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्व टाक्या, झाकणे आणि हवेच्या नळ्यांवरील जाळ्या तपासण्याचा वार ठरवून घ्यावा.

असा प्रयोग संस्थांच्या पातळीवरही झालेला आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, आणि युनिसेफ यांनी मध्य प्रदेशातील धार व झाबुआ जिल्ह्यांतील आश्रमशाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या स्नानाचे पाणी गाळून शौचालयांसाठी व बागेसाठी वापरण्याची व्यवस्था उभी केली आणि 2007 मध्ये त्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाण्याअभावी शौचालये वापराविना पडून राहू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

दोन नळ्यांची गल्लत

करड्या पाण्याचा सर्वांत गंभीर धोका ते पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराजवळील लाइड्श रेन या नव्या वसाहतीत घरोघरी दोन प्रकारचे पाणी पुरविण्यात येत होते. एका वाहिनीतून पिण्याचे, तर दुसऱ्या वाहिनीतून शौचालय, कपडे आणि बाग यांसाठी अंशतः शुद्ध केलेले पाणी येई. डिसेंबर 2001 मध्ये देखभालीच्या कामानंतर या दोन वाहिन्यांमधील जोड कायम राहिला आणि दुय्यम प्रतीचे पाणी पिण्याच्या नळाला आले. अनेक रहिवाशांना जुलाब व उलट्यांचा त्रास झाला. त्यानंतर 2003 मध्ये डच शासनाने अशा मोठ्या दुहेरी योजनांना मनाई केली. ज्या देशात अभियांत्रिकीची शिस्त कडक आहे, तेथेही केवळ एका जोडामुळे संपूर्ण योजना गुंडाळावी लागली.

घरात ही चूक होण्याची शक्यता अधिक असते, कारण आज काम करणारा प्लंबर उद्या दुसरा असतो. त्यामुळे करड्या पाण्याच्या नळ्या संपूर्ण लांबीभर वेगळ्या रंगाच्या असाव्यात. कॅलिफोर्नियात पुनर्वापराच्या पाण्यासाठी जांभळा रंग रूढ झाला आणि अनेक देशांनी तो स्वीकारला. बागेतील नळावर ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’ अशी पाटी मराठी, कन्नड, हिंदी अशा घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येईल त्या भाषांत असावी. वाचता न येणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी पेल्यावर फुली मारलेले चित्र काढावे. शक्य असल्यास त्या नळाची चावी काढून ठेवावी.

फ्लशच्या टाकीत करडे पाणी कमी पडल्यास वरून स्वच्छ पाणी घेण्याची सोय अनेकजण करतात. ही नळी करड्या पाण्याच्या टाकीत बुडलेली असता कामा नये. नळाचा दाब गेल्यास टाकीतील पाणी उलटे शोषले जाऊन पिण्याच्या वाहिनीत जाऊ शकते. दोहोंमध्ये मोकळी हवा राहील, इतक्या उंचीवर नळीचे तोंड ठेवावे. हे अंतर नळीच्या व्यासाच्या दुप्पट असावे, असा संकेत आहे. दोन वाहिन्या केवळ झडप लावून जोडणे कधीही सुरक्षित नाही.

वर्षातून एकदा आणि नळदुरुस्तीच्या प्रत्येक कामानंतर साधी परीक्षा घेता येते. करड्या पाण्याच्या टाकीत खाण्याचा गडद रंग मिसळावा आणि घरातील सर्व नळ सोडून पाहावेत. शौचालय आणि बाग वगळता अन्यत्र कोठेही रंग दिसल्यास पाण्याचा वापर तत्काळ थांबवून जोड शोधावा. घर भाड्याने देताना वा विकताना या नळ्यांचा आराखडा नव्या रहिवाशास देणे, ही केवळ सौजन्याची नव्हे तर आरोग्याची बाब आहे.

साबणाचा परिणाम

मे 2015 मध्ये बंगळुरूच्या बेलंदूर तलावावरील फेसाने पेट घेतल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. शहराचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि त्यातील साबण व धुलाईची पावडर वर्षानुवर्षे त्या तलावात जात होती. तलावात जे मोठ्या प्रमाणावर घडले, ते घरच्या वाफ्यात लहान प्रमाणावर घडू शकते.

धुलाईच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. सोडियममुळे चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. पानांच्या कडा करपणे आणि मातीवर पांढरी खापरी धरणे ही त्याची चिन्हे आहेत. पावडरीऐवजी सौम्य द्रव साबण वापरणे, साबणाचे प्रमाण निम्म्यावर आणणे आणि आठवड्यातून एकदा झाडांना साधे पाणी देणे, हे उपाय करता येतात. बोरॅक्स असलेली उत्पादने झाडांना विषारी ठरतात. कपडे शुभ्र करणारे क्लोरीनयुक्त द्रावण वाफ्यातील उपयुक्त जीव मारून टाकते. ते वापरलेल्या दिवशी झडप मलवाहिनीकडे वळवावी.

शौचालयासाठी साठविलेल्या पाण्यात क्लोरीन टाकण्याची वेळ आल्यास आणखी एक काळजी घ्यावी. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रव आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत.

देखभालीचे वेळापत्रक

चांगल्या यंत्रणेस रोज पाच मिनिटेही लागत नाहीत; परंतु ती पाच मिनिटे नियमित द्यावी लागतात. दररोज पाण्याचा वास व रंग पाहावा. आठवड्यातून एकदा केसांची व धाग्यांची जाळी रबरी हातमोजे घालून स्वच्छ करावी. जाळीतील घाण कचऱ्याच्या डब्यात टाकावी, बेसिनमध्ये धुऊ नये. महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी आणि झडपा फिरतात की नाही ते पाहावे. तीन ते सहा महिन्यांनी गाळाच्या टाकीतील साका काढावा आणि वाफ्यातील वाळलेली पाने छाटावीत. पाणी मुरण्याचा वेग मंदावल्यास वरची खडी काढून धुऊन पुन्हा भरावी. पंपास विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण जोडलेले असावे. प्रत्येक टाकीचे झाकण कुलूपबंद असावे, कारण अर्धवट भरलेली टाकीदेखील लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

ही कामे कोण करणार, हेही ठरलेले असावे. घरकामास येणाऱ्या व्यक्तीवर ती सोपविल्यास तिला हातमोजे, साबण आणि पाण्याचे स्वरूप यांची माहिती देणे घरमालकाचे कर्तव्य आहे.

टाकीत माणूस उतरवू नये

बंगळुरूतील मोठ्या गृहसंकुलांमध्ये स्वतःची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे असतात. तेथील शुद्ध केलेले पाणी शौचालये आणि बागा यांसाठी वापरले जाते. या केंद्रांत मैलापाणीही येत असल्याने त्यांचा धोका घरगुती यंत्रणेपेक्षा कितीतरी अधिक आहे. जानेवारी 2018 मध्ये शहरातील सोमसुंदरपाळ्य भागातील एका गृहसंकुलाच्या अशाच टाकीत तीन जणांचा गुदमरून मृत्यू झाला.

कुजलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. त्याचे प्रमाण कमी असताना कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढल्यावर मात्र घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. वास गेला म्हणजे धोका टळला, अशी समजूत करून घेणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्यास वाचविण्यासाठी आत उडी घेणारा दुसरा माणूसही तसाच बळी पडतो. अशा दुर्घटनांत एकाहून अधिक मृत्यू होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारात वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास प्रतिबंध केला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई 30 लाख रुपये केली. टाकी तुंबल्यास शोषण यंत्र असलेली गाडी बोलवावी. घरगुती करड्या पाण्याची टाकीही माणूस आत उतरू शकेल इतकी खोल असू नये. ती बाहेर उभे राहून, लांब दांड्याच्या ब्रशने धुता येईल इतपतच असावी.

सुरुवात कोठून करावी?

ज्या कुटुंबांना पुनर्वापर सुरू करावयाचा आहे, त्यांनी प्रथम कपडे धुण्याच्या यंत्रातील पाण्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरते. यंत्राची नळी सहज वळविता येते, भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि चूक झाल्यास ती चटकन सुधारता येते. यंत्रातील शेवटच्या धुलाईचे पाणी सर्वांत निर्मळ असते. ते बादलीत धरून त्याच दिवशी शौचालयात ओतले, तर नळही नको, टाकीही नको आणि गल्लतीची भीतीही नको. एक उन्हाळा असा गेला की पाणी किती मिळते, झाडांना काय मानवते आणि घरातील कोण हे काम नेटाने करते, याचा अंदाज येतो. त्यानंतर वाफा, पंप आणि दुहेरी नळ्या यांचा विचार करावा.

2024 च्या टंचाईनंतर बंगळुरूने पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब मांडावयास आरंभ केला. तो हिशेब पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या महाराष्ट्रातील शहरांनाही टळणारा नाही. पाणी वेगळे ठेवावे, ताजे असतानाच वापरावे आणि माणसाच्या हातातोंडापासून दूर राखावे, या तीन गोष्टी सांभाळल्या तर मोरीचे पाणी शहरातील घरासही परसातील केळीइतकेच उपयोगी पडू शकते.